हे काढू नका

त्या दिवशी आमच्या ऑफिसची लिफ्ट बंद होती. सात मजले चढून मी मीटिंगला पोचलो, पण श्वास अजून पाचव्या मजल्यावरच होता. अशा अवस्थेत माणूस कशालाही मान डोलावतो. हिंजवडीतले कितीतरी तांत्रिक निर्णय दम लागलेल्या माणसांनी घेतले असावेत, अशी मला दाट शंका आहे.

मीटिंगचा विषय भाषा हा होता. मराठी-हिंदी नव्हे, त्या वादात निदान दोन्ही बाजूंना बोलता येतं. आमची टीम परदेशातल्या एका कुरिअर कंपनीसाठी पार्सलांचे दर काढणारी सिस्टीम सांभाळते. वजन आणि पत्ता आत जातो, भाडं बाहेर येतं. गेली कित्येक वर्षं हे काम जावा या भाषेत बिनबोभाट चाललं होतं. फक्त नाताळच्या तोंडावर पार्सलांचा पूर आला की सिस्टीम मधूनच क्षणभर थबकायची, आणि त्या क्षणाची तक्रार आमच्याकडे दिवसभर चालायची. तेव्हा तो थबकणारा तुकडा जावातून काढून रस्ट नावाच्या नव्या भाषेत लिहावा, असा प्रस्ताव होता. मांडणारी मुलगी टीममधली सगळ्यांत धाकटी, लातूरची. मी कामाला लागलो तेव्हा ती बालवाडीतही गेलेली नव्हती.

"सर, ही भाषा बंद पडलेल्या लिफ्टमुळेच जन्माला आली," ती म्हणाली. मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. पण गोष्ट खरी निघाली. २००६ साली ग्रेडन होअर नावाचा मोझिलातला एक प्रोग्रामर व्हँकुव्हरला आपल्या घरी परतला, तर इमारतीची लिफ्ट बंद. बिघाड यंत्रात नव्हता, लिफ्टचं सॉफ्टवेअर कोलमडलं होतं. बिचारा राहायला २१व्या मजल्यावर. जिने चढता चढता त्याच्या मनात आलं, की साधी लिफ्ट न कोलमडता चालावी एवढंही आपल्याला जमू नये? मग त्याने नवी भाषाच लिहायला घेतली. मी सात मजले चढून फक्त पाणी मागितलं होतं. माणसामाणसांत फरक असतो तो असा.

रस्ट म्हणजे गंज असं मी धरून चाललो होतो. ती म्हणाली, नाही, ते एका बुरशीचं नाव आहे. वाचून पाहिलं, तर ही बुरशी आमच्या घरची निघाली: तांबेरा! गव्हावर पडतो तो. काही केल्या मरत नाही, तग धरण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, म्हणून होअरने तिचं नाव घेतलं. रात्री सांगली जिल्ह्यातल्या गावी वडिलांना फोनवर हे सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तांबेरा जावा म्हणून आम्ही फवारतोय, आन् तुम्ही पगार घेऊन त्यो आणताय व्हय?" यातला श्लेष त्यांना कळला नसावा. मला तो दोन दिवसांनी कळला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने एक्सेल उघडलं. सहा माणसं, भाषा शिकायला प्रत्येकी दोन आठवडे, म्हणजे दहा कामाचे दिवस. एकूण साठ मॅन-डे. ते एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सर्व्हरचा वाचणारा खर्च, कमी होणाऱ्या तक्रारी आणि "टीमचा उत्साह" असा एक रकाना. उत्साहाच्या रकान्यात आकडा नव्हता, नुसता हिरवा रंग होता. बेरीज फायद्यात आली. एक्सेलमध्ये ती नेहमी फायद्यातच येते. तोट्याची बेरीज दाखवायला कुणी मीटिंग बोलावत नाही.

मॅन-डे हा शब्द मला पहिल्यापासून पटत नाही. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य सॉफ्टवेअरचं काम ज्याने पाहिलं, त्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की माणसं आणि महिने हे एकमेकांच्या बदली वापरायचे आकडे नव्हेत. आमच्या धंद्यात त्या पुस्तकाचं नाव सगळे आदराने घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅन-डे मोजायला बसतात. गणित मात्र साधं आहे. सहा जण दहा-दहा दिवस शिकले तर साठ दिवसांचं शहाणपण जमा होत नाही. एकच दहा दिवसांचा गोंधळ सहा ठिकाणी होतो.

तसा भाषाबदल मला नवा नव्हता. कॉलेजात सी शिकलो, नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर. टर्बो सीचा तो निळा पडदा, आणि तीन मित्रांत मिळून एक पुस्तक. पास होऊन बाहेर पडलो तर १९९९ उजाडलेलं. जगभरच्या जुन्या प्रोग्राममध्ये साल दोन आकड्यांत लिहिलेलं होतं, आणि २००० उजाडलं की '००' म्हणजे नेमकं कुठलं शतक, हे त्यांना कळणार नव्हतं. ते दुरुस्त करायला माणसं हवी होती. मला काही आठवड्यांत कोबोल पाजण्यात आलं. पाजण्यातच आलं, मत कुणी विचारलं नाही. कोबोलचं वाक्य पूर्णविरामाने संपतं, आणि तो चुकीच्या जागी पडला तर प्रोग्राम भलताच अर्थ लावतो. त्यानंतर जावा आली. तिथे ओळ अर्धविरामाने संपते. वीसेक वर्षं मी अर्धविराम टाकत आलो. किराणा मालाच्या यादीतसुद्धा 'तूरडाळ' लिहून झाल्यावर माझी करंगळी वळवळते.

रस्ट वेगळी कशी, हे मुलीने मला कँटीनमध्ये समजावलं, आणि ते माझ्या डोक्यात शिरलं ते पंगतीच्या रूपाने. प्रोग्राम चालताना मेमरीची जागा घेतो, काम झाल्यावर ती मोकळी करावी लागते. सीमध्ये जेवण झालं की आपलं ताट आपण उचलायचं. विसरलात तर खरकटी ताटं साठत जातात आणि शेवटी बसायला जागा उरत नाही. एकच ताट दोनदा उचलायला गेलात तर कपाळमोक्ष. जावामध्ये उष्टी काढायला स्वतंत्र माणूस ठेवलेला असतो. आपण हात धुऊन खुशाल विडा खायला जावं. मात्र तो माणूस त्याच्या सवडीने येतो, आणि कधीकधी झाडू मारताना सगळ्या पंगतीला क्षणभर हात वर करून बसायला लावतो. नाताळात आमची सिस्टीम थबकायची ती यामुळे. रस्टमध्ये असा माणूस नाही. तिथे दारातच एक खमकी आत्या उभी असते. ती पान वाढण्याआधी विचारते, "हे ताट कुणाचं? उचलणार कोण? शेजाऱ्याने उसनं मागितलं तर परत कधी देणार?" समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय ती पाटावर बसू देत नाही.

या आत्याला कंपायलर म्हणतात, आणि तिचा मालकी-उसनवारीचा कायदा कडक आहे. एखादी वस्तू कितीही जणांनी नुसती बघावी. पण कुणाला तिच्यात बदल करायचा असेल तर तेवढ्या वेळापुरती ती त्या एकट्याकडेच राहील. सकाळचं वर्तमानपत्र चौघे चार बाजूंनी वाचू शकतात. शब्दकोडं सोडवणारा पेन घेऊन बसला की बाकीच्यांनी हात काढायचे. ऐकायला इतकं शहाणपणाचं वाटतं, की आपण आजवर कसे वागत आलो याची लाज वाटावी. लिहायला बसल्यावर कळतं, की जावातली निम्मी हुशारी म्हणजे चौघांनी मिळून एकाच शब्दकोड्यावर पेन चालवणं होतं.

पहिला महिना मी आत्याच्या दारातच उभा होतो. एकेकाळी ज्याला विचारायला सगळे यायचे, तो मी रोज सकाळी एका पोरीच्या खुर्चीमागे वही घेऊन उभा राहू लागलो. एक्सेलमध्ये याला रकाना नव्हता. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायचं, आणि बाक लहान झालाय हे हसून नेत राहायचं, याचे मॅन-डे किती धरायचे?

शिवाय जुन्या सवयी. रस्टमध्ये फंक्शनच्या शेवटच्या ओळीला अर्धविराम दिला नाही, तर त्या ओळीचं उत्तर बाहेर जातं. दिला, तर बाहेर काहीच जात नाही. म्हणजे वीस वर्षं ज्या खुणेने माझी ओळ पूर्ण व्हायची, त्याच खुणेने आता ती रिकामी होत होती. आत्या कडक असली तरी प्रेमळ. ती प्रत्येक वेळी चुकीच्या जागी बोट ठेवून सुचवते, की हा अर्धविराम काढून बघा. पहिल्या आठवड्यात तिने मला ते इतक्यांदा सुचवलं, की तिसऱ्या दिवशी मीच ओशाळून म्हणालो, "हो गं बाई."

मग मला एक पळवाट सापडली. मालकीवरून तंटा झाला, की वस्तूची सरळ नक्कल करून द्यायची. तिला क्लोन म्हणतात. मी झेरॉक्स म्हणत असे. सरकारी कचेरीत जसं प्रत्येक खिडकीला आधारची एकेक झेरॉक्स दिली की कुणाशी भांडण होत नाही, तसा माझा प्रोग्राम झेरॉक्सवर झेरॉक्स काढत सुखाने चालू लागला. फक्त जावाइतकाच हळू. दुसरी पळवाट अनरॅप. रस्टमध्ये एखादी गोष्ट असेल किंवा नसेल अशी शंका असली, की ती डब्यात घालून देतात. डबा उघडण्याआधी तो रिकामा निघाला तर काय करायचं, ते लिहावं लागतं. त्याचा कंटाळा आला तर अनरॅप लिहायचं. म्हणजे, "डब्यात पोळी-भाजी आहेच, मी खात्री देतो." आणि नसली, तर प्रोग्राम तिथल्या तिथे धाय मोकलून बसतो.

माझा कोड तपासून मुलगी म्हणाली, "सर, ही जावाच आहे. फक्त टोपी बदललीय." खरं होतं. 'कांदा बारीक चिरके रखा है, फोडणी आप देते क्या' असं आपण बेधडक बोलतो, आणि समोरच्या हिंदीवाल्याला ते कळतंही. पण त्याला हिंदी म्हणायला तो तयार नसतो. व्याकरणाचे नियम पंधरा दिवसांत येतात. त्या भाषेत विचार यायला लागायला वेळ लागतो, आणि एक्सेलने धरलेले दोन आठवडे म्हणजे त्यातले फक्त पहिले पंधरा दिवस.

तरीही चार महिन्यांत तुकडा तयार झाला आणि चालू लागला. थबकणं बंद झालं. दर पूर्वीपेक्षा झटपट निघू लागले. केक कापला गेला, त्यावर क्रीमने खेकडा काढला होता. या भाषेच्या चाहत्यांनी मानलेलं दैवत खेकडा आहे. श्रेय भाषेला गेलं. केक खाताना माझ्या मनात एक आगाऊ विचार आला. तोच पदार्थ दुसऱ्यांदा करताना आपण मीठ बेताने घालतो, गॅस कधी कमी करायचा ते ठाऊक असतं. मग चव सुधारली ती नव्या कढईमुळे, की दुसऱ्यांदा केल्यामुळे? तुलना झाली ती पहिल्यांदा घाईत लिहिलेल्या जावाची आणि दुसऱ्यांदा निवांत लिहिलेल्या रस्टची. जावातच दुसऱ्यांदा लिहून बघावं, हे कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यासाठी केक आला नसता. थबकणं गेलं ते भाषेमुळे, हे मात्र प्रामाणिकपणे कबूल करायला हवं.

मग डिसेंबर आला. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि युरोपात नेमकी तेव्हाच पार्सलांची सराई असते. लातूरच्या मुलीच्या सख्ख्या भावाचं लग्न निघालं, ती आठ दिवस रजेवर गेली. लग्नाच्या आदल्या रात्री दोन वाजता माझा फोन वाजला. दर निघणं पूर्ण बंद. तिकडे रात्रीचे साडेनऊ, लोक जेवून आरामात खरेदीला बसलेले. पूर्वी, सगळं जावात असताना, असा फोन सहांपैकी कुणालाही जायचा आणि ज्याला लागेल तो निस्तरायचा. आता चौघे म्हणाले, "तो रस्टचा भाग आहे ना?" पाचवा मी.

मी तिला फोन लावला. मागे गाणी, भांड्यांचे आवाज. "सर, माझ्या दोन्ही हातांवर ओली मेंदी आहे, मावसबहिणीने फोन धरलाय. शेवटची ओळ काय म्हणतेय ती वाचा." मी वाचली. ती म्हणाली, "पिनकोड काढताना अनरॅप कुणी लिहिलंय?"

"आपण," मी म्हणालो. मराठीतलं हे सर्वनाम अशा वेळी फार उपयोगी पडतं.

"ते काढा. डबा रिकामा असेल तर काय करायचं ते लिहा."

"काय लिहू?"

"ते मला कसं माहीत असणार सर? जुन्या जावात काय होतं?"

मी जुना कोड उघडला. तिथे एक विचित्र ओळ होती: देश आयर्लंड असेल आणि पिनकोड कोरा असेल, तर काउंटीच्या नावावरून दर काढावा. तिच्या डोक्यावर रोमन लिपीत, पण ग्राहकाला कळू नये म्हणून मराठीत, कुणीतरी टीप लिहून ठेवली होती: हे काढू नका. कारण दिलेलं नव्हतं. नव्याने लिहिताना ही ओळ मीच निरर्थक म्हणून वगळल्याचं मला आठवत होतं. जुनी कुणाची म्हणून पाहिलं. कोणती ओळ कुणी लिहिली हे सांगणाऱ्या आज्ञेचं कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या गिटमध्ये नावच 'ब्लेम' आहे. उत्तर आलं: साल २०११, आणि पुढे माझं नाव.

मग हळूहळू आठवलं. आयर्लंडमध्ये जुलै २०१५ पर्यंत देशव्यापी पिनकोडच नव्हते. कुणाच्या तरी तक्रारीवरून मी तेव्हा ती ओळ घातली होती. पुढे तिथे पिनकोड आले, पण सगळेच काही ते लिहीत नाहीत. आमच्या टेस्टिंगच्या डेटात मात्र सगळ्यांना पिनकोड होते. त्या डेटातली माणसं नेहमीच आदर्श नागरिक असतात. त्या रात्री एका विक्रेत्याने आयर्लंडकडे जाणारा गठ्ठाच्या गठ्ठा पाठवला, आणि पहिल्याच रिकाम्या डब्याला माझा प्रोग्राम धाय मोकलून बसला.

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. तिला भाषा येत होती आणि मला आयर्लंड. शेवटी आत्याने एकदा अडवलंच. मी चूक वाचून दाखवण्याआधी फोनमधून आवाज आला, "शेवटचा अर्धविराम काढा सर." काढला. पावणेतीनला दर सुरू झाले. मावसबहिणीने जांभई देत मला "गुड नाइट काका" म्हटलं.

त्या रात्री झोप लागली नाही, तेव्हा ब्रुक्स पुन्हा आठवला. १९८६ मध्ये त्याने लिहिलं होतं, की सॉफ्टवेअरमधल्या अडचणी दोन जातींच्या असतात: काही कामातच मुरलेल्या, काही आपल्या साधनांनी वाढवलेल्या. नवी भाषा दुसऱ्या जातीच्या अडचणी कमी करते. आयर्लंडचा पिनकोड पहिल्या जातीचा; तो सीमध्येही कोरा, जावातही कोरा आणि रस्टमध्येही कोराच. नेटस्केपने नव्वदीच्या अखेरीला आपला ब्राउझर मुळापासून पुन्हा लिहायला घेतला. चौथ्या आवृत्तीनंतर पाचवी आलीच नाही, थेट सहावी आली ती २००० च्या नोव्हेंबरात, आणि तोवर मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने बाजार काबीज केला होता. त्यांच्याकडेही अशा किती 'हे काढू नका' ओळी होत्या, देव जाणे. जुन्या कोडातल्या कुरूप ओळी म्हणजे कुणीतरी कधीतरी खाल्लेल्या शिव्या असतात. नवी भाषा आणताना खरा खर्च होतो तो इथे: जुन्या भाषेतल्या ज्या गोष्टींचं कारण कुणी लिहून ठेवलेलं नसतं, त्यांची किंमत आपण दुसऱ्यांदा मोजतो.

मग बदलूच नये का? तेही महागात पडतं. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडने नोकऱ्या गेलेल्यांचे अर्ज धो धो येऊ लागले तेव्हा, न्यू जर्सीच्या राज्यपालांनी जाहीरपणे कोबोल जाणणारी माणसं मागितली, कारण भत्ता देणारी यंत्रणा त्या जुन्या भाषेवर चालत होती. बातमी वाचून माझी छाती क्षणभर फुगली होती. पण ज्या घराचा नळ दुरुस्त करायला निवृत्त माणसालाच बोलवावं लागतं, त्या घराचं कौतुक किती करायचं?

तेव्हा नवी भाषा घ्यावी का, असं हल्ली कुणी विचारलं तर मी एक्सेल उघडत नाही. तीन गोष्टी विचारतो. दुखतंय नेमकं कुठे? जुन्या विचित्र ओळींची कारणं कुणी लिहून काढलीत का? आणि रात्री दोनला फोन आला तर उचलणार कोण? तिसऱ्या उत्तरात निदान दोन नावं हवीत, आणि त्यांतल्या एकाच्या तरी हातावर मेंदी नसावी.

आमच्याकडे तो एक तुकडा रस्टमध्ये आहे, बाकी सगळं जावातच ठेवलंय. आयर्लंडची ओळ आता सकारण आहे, वर चार वाक्यांची टीप आहे. फोनच्या यादीत दोन नावं आहेत. दुसरं माझं. त्यानंतर रात्री दोनदा फोन आला, आणि दोन्ही वेळा मी तिला उठवलं नाही.